लहान विलायती फटफटी : पारख आणि फेरफार



या व्याख्यानमालेत काल वेदान्तावर व्याख्यान झाले आणि उद्या सहकारी चळवळीवर होणार आहे. या दोहोंच्या मध्ये फटफटीचे इंजिन येऊन बसले हा दोष माझा नव्हे, चिटणीसांचा आहे. मी त्यांना दोन विषय सुचवले होते. त्यांतून त्यांनी हा उचलला, कारण त्यांच्या मते या विषयाने कोणाची मने दुखावण्याचा संभव नाही. जुन्या फटफट्यांचे भक्त त्यांच्या पाहण्यात अजून आलेले नाहीत, एवढेच मी म्हणेन.

प्रथम दोन शब्दांचा घोटाळा दूर करतो. ‘विंटेज’ हा शब्द आपल्याकडे कोणत्याही जुन्या गाडीला लावतात. ब्रिटनमधल्या १९४६ साली निघालेल्या विंटेज मोटरसायकल क्लबच्या हिशेबी मात्र १९१५ ते १९३० या काळातली गाडी तेवढी विंटेज. त्या अर्थाने मी आज जिच्याविषयी बोलणार आहे ती गाडी विंटेज नव्हेच. पण व्यवहारात शब्द सैल झाला आहे आणि मीही तो सैलच वापरणार आहे. दुसरा शब्द ‘रोड रेसिंग’. त्याचा अर्थ रहदारीच्या रस्त्यावर पोरांनी लावलेली पैज असा नाही. डांबरी धावपट्टीवर, किंवा कायद्याने रहदारी बंद केलेल्या रस्त्यावर, नियमांखाली होणारी ती शर्यत. इंग्लंडच्या मुख्य भूमीवर शर्यतीसाठी रस्ते बंद करायला कायद्याची मुभा नव्हती. आइल ऑफ मॅन या बेटाच्या स्वतंत्र विधिमंडळाने ती दिली, म्हणून १९०७ साली टी.टी. शर्यत त्या बेटावर सुरू झाली. तिथला डोंगरातून जाणारा फेरा जवळजवळ ६१ किलोमीटरचा आहे. दगडी कुंपणे, घरांची जोती आणि दिव्यांचे खांब यांच्यामधून तो जातो.

आता लहान गाड्यांकडे वळू. लहान म्हणजे १२५ ते २५० घनसेंटिमीटरच्या. मोठ्या गाड्यांच्या शर्यतीत ब्रिटिशांचा दबदबा होता. नॉर्टन, व्हेलोसेट ही नावे आपल्यापैकी काहींना ठाऊक असतील. लहान गाड्यांत मात्र तसे नव्हते. टी.टी.च्या २५० च्या वर्गात ब्रिटिश गाडी शेवटची जिंकली ती १९३६ साली : न्यू इंपीरियल, स्वार बॉब फॉस्टर. पुढल्या तीन वर्षांत हे पारितोषिक इटलीची मोटो गुझी, जर्मनीची डी.के.डब्ल्यू. आणि पुन्हा इटलीचीच बेनेली यांनी नेले. १९५१ साली १२५ चा वर्ग नव्याने सुरू झाला तेव्हा तोही माँडियल या इटालियन गाडीनेच जिंकला. ब्रिटिश कारखानदार लहान गाडी बनवीत ती कामगाराने गिरणीत जावे, तारवाल्या पोऱ्याने तार पोचवावी यासाठी. म्हणून लहान ब्रिटिश शर्यती गाडी ही बहुधा कारखान्यात जन्मलेली नसते. कोणीतरी आपल्या घरामागच्या शेडमध्ये, रात्री जेवणे झाल्यावर, कानस घेऊन ती घडवलेली असते. माझ्या व्याख्यानाचा विषय हा माणूस आहे, आणि त्याने घडवलेल्या गाडीवर बसणारा स्वार. पुष्कळदा हे दोघे एकच असतात.

सर्व गाड्यांची जंत्री देऊन मी तुम्हाला कंटाळा आणणार नाही. एकच गाडी घेतो : बी.एस.ए. बँटम. बी.एस.ए. म्हटले की आपल्याला सायकल आठवते. मूळची ही १८६१ साली बंदुका करणाऱ्या कारागिरांनी काढलेली बर्मिंगहॅमची कंपनी, तिच्या बोधचिन्हात तीन बंदुका एकमेकींना टेकून उभ्या असत. त्या नावाचे मोटरसायकलीचे हक्क २०१६ साली मुंबईच्या महिंद्र समूहातल्या एका कंपनीने घेतले, म्हणजे हे नाव आता एका परीने आपल्या घरी आले आहे. बँटम म्हणजे बुटक्या जातीचा, अंगाने लहान पण झुंजायला तयार असा कोंबडा. ही गाडी १९४८ साली निघाली आणि १९७१ पर्यंत बनत राहिली. तीन लाखांहून अधिक निघाल्या.

पण हा कोंबडा मूळचा इंग्रज नव्हे. जर्मनीतल्या झोपाऊ गावी डी.के.डब्ल्यू.च्या कारखान्यात हेर्मान वेबर नावाच्या अभियंत्याने आर.टी. १२५ ही गाडी आखली होती. महायुद्ध संपल्यावर तिचे आराखडे नुकसानभरपाई म्हणून जेत्यांनी वाटून घेतले. रशियाने तिची ‘मॉस्कवा’ केली, अमेरिकेत हार्ले-डेव्हिडसनने आपली १२५ केली, इंग्लंडात बी.एस.ए.ने बँटम केली. जपानात यामाहाने १९५५ साली काढलेली पहिली गाडी हीही तिचीच नक्कल. इंग्रज स्वाराला गिअर उजव्या पायाने टाकायची सवय, म्हणून बी.एस.ए.ने सबंध इंजिन आरशात पाहावे तसे उलटे करून घेतले. वेबरला रशियाने नेले होते. १९४८ साली, म्हणजे बँटम निघाली त्याच वर्षी, तो तिकडेच वारला.

आता पारख. जुनी बँटम तुमच्यासमोर कोणी आणून ठेवली आणि ‘ही १९४९ ची, अस्सल’ असे सांगितले, तर काय पाहायचे? पहिल्यांदा चौकट. सुरुवातीच्या डी-१ ला मागे कमानी नव्हत्याच. मागचे चाक चौकटीला घट्ट बांधलेले. १९५० पासून मागे उभ्या नळीतल्या स्प्रिंगा आल्या. मागचे चाक लोंबत्या दांड्यावर झुलवणारी आजच्यासारखी रचना १९५६ साली डी-३ वर आली. मग क्रमांक पाहावा. सुरुवातीच्या डी-१ च्या क्रमांकाआधी ‘वाय.डी.’ ही अक्षरे असतात. १९६९ पासूनच्या गाड्यांवर दोन अक्षरांची खूण आहे, पहिले अक्षर महिन्याचे आणि दुसरे वर्षाचे.

इथे नवशिक्याची एक हमखास चूक होते. चौकटीचा आणि इंजिनाचा क्रमांक जुळला नाही की तो म्हणतो, गाडी बनावट. ट्रायंफच्या टायगर कबच्या बाबतीत ही शंका रास्त आहे, कारण ट्रायंफ दोन्हीकडे एकच क्रमांक ठोकीत असे. बी.एस.ए.च्या जुन्या गाड्यांत मात्र दोन्ही क्रमांक मुळातच वेगळे असत. कोणत्या चौकटीत कोणते इंजिन गेले याची नोंद कारखान्याच्या रवानगीच्या वहीत होई. उलट एखाद्या १९५० च्या बँटमवर दोन्ही क्रमांक तंतोतंत सारखे दिसले तर मी जास्त सावध होईन. कोणीतरी फार मेहनत घेतली आहे असे समजावे.

ही शिकवण मला फुकट मिळालेली नाही. बर्मिंगहॅमला एका यंत्रशाळेत मी काही वर्षे नोकरीला होतो. तिथे एका विक्रेत्याकडून मी ‘१९४८ चे’ म्हणून एक इंजिन मोठ्या आनंदाने घेतले. घरी आणून तेल पुसले. ओतीव ॲल्युमिनियमचा पृष्ठभाग बारीक वाळूसारखा खरखरीत असतो. क्रमांकाच्या जागी मात्र तो गुळगुळीत होता, कानशीचे ओरखडे आडवे दिसत होते, आणि आकडे दातपडक्या माणसाच्या हसण्यासारखे वरखाली बसले होते. मग हेड काढून व्हर्नियर लावला. बँटमच्या सर्व जातींत पिस्टनची धाव एकच, ५८ मिलिमीटर. फरक फक्त सिलिंडरच्या व्यासात. ५२ मिलिमीटर म्हणजे १२३ घनसेंटिमीटरची डी-१, ५७ म्हणजे १४८ ची डी-३, ६१.५ म्हणजे १७२ ची डी-५ आणि तिच्यानंतरच्या. झिजलेला सिलिंडर घासून मोठा करतात, म्हणून ५३ भरले तरी ती डी-१च समजावी. माझे भरले ५७. क्रमांक एका गाडीचा, सिलिंडर दुसरीचा, आणि मधले धड कोणाचे ते देवालाच ठाऊक. पैसे गेल्याचे दुःख थोडे होते. कानशीने क्रमांक पुसण्याचे काम हौशी माणूस करीत नाही, चोर करतो. आपल्या टेबलावर कोणाची तरी चोरीला गेलेली गाडी उघडी पडली आहे, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी ते पोलिसांत नेऊन दिले. पुण्याच्या जुन्या बाजारात हिंडणाऱ्या मित्रांना माझे हेच सांगणे असते : किंमत विचारण्याआधी खिशातून फडके काढा आणि क्रमांकाची जागा पुसून पाहा.

आता फेरफार. मूळ डी-१ ची शक्ती साडेचार अश्वशक्ती आणि वेग ताशी ८० किलोमीटरच्या आसपास. शेवटच्या काळातल्या डी-१४ ची शक्ती साडेबारापर्यंत गेली होती. चांगल्या हातांनी १२५ च्या बँटममधूनही पहिल्या डी-१ च्या चौपट शक्ती काढलेली आहे. ती कशी, हे सांगतो. पण आधी क्रम सांगतो, कारण क्रम चुकला की माणूस मरतो. आधी ब्रेक, मग टायर आणि चौकटीचे सांधे, मग क्रँक आणि बेअरिंगे, आणि शक्ती सर्वांत शेवटी. डी-१ चे ब्रेक पाच इंची ड्रमचे. तारवाल्या पोऱ्याला ते पुरत, कारण त्याला थांबायचे असे ते कोणाच्या तरी फाटकाशी. शर्यतीत वळणाच्या तोंडाशी ते तापतात आणि हातातला लिव्हर नुसता मऊ होत जातो. म्हणून पहिला खर्च मोठ्या ड्रमावर करावा. तरुण मंडळींना हे पटत नाही. त्यांना आधी आवाज हवा असतो.

बँटमचे इंजिन टू-स्ट्रोक. त्यात झडपा नाहीत. सिलिंडरच्या भिंतीत खिडक्या आहेत आणि वरखाली जाणारा पिस्टनच त्या उघडझाप करतो. शक्ती वाढवायची म्हणजे खिडक्या आधी उघडायच्या आणि उशिरा मिटायच्या, म्हणजे त्यांची वरची कड कानशीने उंच करायची. बँटमच्या धावेत धूर जाण्याची खिडकी एक मिलिमीटर उंच केली की क्रँकच्या हिशेबाने ती सुमारे दोन अंश आधी उघडते आणि दोन अंश उशिरा मिटते. एक मिलिमीटर म्हणजे कानशीचे थोडेसेच हात. आणि गेलेले धातू परत येत नाही. म्हणून आधी सिलिंडरच्या आत कागद गुंडाळून खिडक्यांचा ठसा घ्यावा, तो सपाट पसरून मोजावा, आणि घासायचे ते कागदावर पेन्सिलीने आधी घासावे. मी अशी तीन सिलिंडरे फुकट घालवली तेव्हा कागदावर विश्वास बसला.

पण नुसत्या खिडक्या मोठ्या करून भागत नाही. धूर जाताना त्याच्यामागे पेट्रोल आणि हवेचे ताजे मिश्रणही निघून जाते. याला उपाय सापडला तो नळीत, आणि तो काढला वेबरच्याच गावात. युद्धानंतर झोपाऊचा कारखाना पूर्व जर्मनीत गेला आणि त्याचे नाव एम.झेड. झाले. तिथे वाल्टर काडेन या अभियंत्याने त्याच आर.टी. १२५ पासून शर्यतीची गाडी वाढवली. धुराची नळी हळूहळू रुंद करीत नेऊन शेवटी पुन्हा निमुळती केली, की निमुळत्या टोकावर आपटून दाबाची लाट परत येते आणि बाहेर पळू पाहणारे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. गणित सोपे आहे. मिनिटाला ९,००० फेरे घेणाऱ्या इंजिनाचा एक फेरा एका सेकंदाच्या १५० व्या भागात होतो. धुराची खिडकी त्यातला निम्मा वेळ उघडी असते असे धरा, म्हणजे सेकंदाचा ३०० वा भाग. तापलेल्या धुरात ध्वनीची लाट सेकंदाला सुमारे ५०० मीटर जाते. एवढ्या वेळात ती जाऊन येऊन १ मीटर ६६ सेंटिमीटर चालेल, म्हणजे तिला परतवणारी भिंत सुमारे ८३ सेंटिमीटरवर हवी. मिनिटाला ६,००० फेऱ्यांसाठी हीच भिंत सव्वा मीटरवर न्यावी लागेल.

यातच त्या नळीचा लहरी स्वभावही आला. ती एका ठरावीक वेगाच्या आसपास इंजिनाला पंख लावते, आणि त्याखाली उलट गळा दाबते. डी-१ ला गिअर तीनच. दुसऱ्यातून तिसऱ्यात गेले की इंजिनाचे फेरे एवढे उतरतात की लाट वेळेवर येतच नाही, आणि गाडी दम लागलेल्या बैलासारखी मान टाकते. म्हणून चार गिअरांची नंतरची पेटी बसवल्याशिवाय नळीवर पैसे घालवू नयेत. एका फेरफारातून दुसरा निघतो तो असा.

काडेनने १९६१ पर्यंत १२५ घनसेंटिमीटरमधून २५ अश्वशक्ती काढली. बिनपंख्याच्या, म्हणजे हवा पंपाने न कोंबणाऱ्या, इंजिनात लिटरमागे २०० अश्वशक्तीचे हे प्रमाण त्याआधी कोणी गाठले नव्हते. त्याच वर्षी स्वीडनमधल्या शर्यतीत त्याचा स्वार एर्न्स्ट डेग्नर पळाला. बायकापोरांना चोरून सीमेपलीकडे आणले होते. आणि डोक्यातली विद्या त्याने जपानच्या सुझुकीला दिली. १९६२ साली ५० घनसेंटिमीटरचे जागतिक अजिंक्यपद डेग्नरने सुझुकीवर मिळवले. एकाच बियाणाची ही दोन पिके : झोपाऊत पोटाला चिमटा घेऊन जगज्जेते इंजिन तयार होत होते, आणि बर्मिंगहॅमच्या सुखवस्तू कारखान्यात त्याचेच भावंड तारा वाटीत होते. ब्रिटिशांना हे जमत नव्हते असे नाही. एरियल ॲरो ही २५० ची टू-स्ट्रोक. हेर्मान मायर याने तयार केलेली गाडी घेऊन माइक ओ’रूर्क १९६० च्या टी.टी.त सातवा आला. ग्रीव्ह्ज या एसेक्समधल्या छोट्या कंपनीची सिल्व्हरस्टोन गाडी १९६४ आणि १९६५ अशी लागोपाठ दोन वर्षे मँक्स ग्रांप्रीचा लाइटवेट वर्ग जिंकली. पण मोठ्या कारखान्यांनी लहान गाडीकडे शर्यतीच्या नजरेने मनापासून पाहिले नाही, असे माझे मत आहे. बँटमचे नाव धावपट्टीवर राखले ते हौशी लोकांनी. फक्त बँटमच्याच शर्यती भरवणारा क्लब त्यांनी अनेक दशके चालवला.

टायगर कबविषयी दोन शब्द. १९५४ सालची, १९९ घनसेंटिमीटर, चार स्ट्रोकची देखणी गाडी. तिच्या कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाला रोलर नाहीत, साधे बुश आहे. तेलाचा दाब पडला की ते आधी जाते. म्हणून कबचा फेरफार करणाऱ्याने कॅमशाफ्ट घेण्याआधी तेलाचा पंप तपासावा. एवढे तिच्यासाठी पुरे.

तेलावरून एरंडेलाची गोष्ट आठवली. रविवारी सकाळी नाक दाबून ज्यांना एरंडेल पाजले गेले असे काही श्रोते इथे असतील. तेच हे तेल. ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच पडले. तापलेल्या धातूला ते असे चिकटून राहते की इंजिन जळायला आले तरी थोडी फट शिल्लक ठेवते. जुन्या शर्यतींच्या मैदानावर त्याचा जो खमंग वास दरवळतो तो ज्याने एकदा घेतला त्याला दुसरे अत्तर आवडत नाही. मात्र ते खनिज तेलात मिसळत नाही, आणि गाडी तशीच ठेवली की डिंकासारखे चिकटते. शर्यत झाली की टाकी आणि कार्बोरेटर त्याच संध्याकाळी धुवावा.

टू-स्ट्रोकला तेल पेट्रोलमधूनच मिळते, हे पक्के ध्यानात ठेवावे. उतारावर वेगात असताना थ्रॉटल मिटला की पेट्रोल थांबते आणि त्याबरोबर तेलही. इंजिन मात्र फिरतच असते. माझ्या बाबतीत याच्या जोडीला आणखी एक गोष्ट झाली. पहिली गाडी मी फार प्रेमाने केली होती. खिडक्या आरशासारख्या चमकवल्या, कनेक्टिंग रॉड घासून हलका केला. मॅग्नेटोच्या बाजूचे ऑइल सील मात्र जुनेच ठेवले, कारण ते दिसायला चांगले होते. दोन कप चहाच्या किमतीची ती वस्तू. रबर कडक झाले होते, कडेने हवा आत ओढली जात होती, त्यामुळे मिश्रण पातळ होऊन पिस्टन गरजेपेक्षा जास्त तापत होता. सरावाच्या तिसऱ्या फेरीत उतारावर मी थ्रॉटल मिटला आणि पिस्टन सिलिंडरला चिकटला. मागचे चाक जागच्या जागी थांबले. अनुभवी स्वार अशा वेळी डाव्या हाताची दोन बोटे क्लचवर ठेवूनच असतो. माझी दहाही बोटे मुठी आवळण्यात गुंतली होती. माझे गळपट्टीचे हाड मोडले. माझ्या मागून येणारा मुलगा मला चुकवताना गवतात गेला आणि सुदैवाने नुसता खरचटला. तो एकोणीस वर्षांचा होता. त्याची आई कुंपणापाशी उभी होती. ती मला काही बोलली नाही.

तेव्हापासून मी इंजिन बांधले की आधी त्याची तोंडे बंद करून, सायकलच्या पंपाने थोडी हवा भरून, साबणाचे पाणी लावून पाहतो. बुडबुडा दिसला की इंजिन पुन्हा उघडायचे, मग शर्यत उद्या असो की तासाभराने.

एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो : जुन्या वस्तूवर अशी कानस चालवणे हे पाप नव्हे काय? विचारणाऱ्याचे म्हणणे मला पुष्कळ अंशी मान्य आहे. १९४८-४९ ची, मागे कमानी नसलेली, क्रमांक शाबूत असलेली बँटम कोणी शर्यतीसाठी कापायला आणली, तर मी त्याच्या हातात कानस देणार नाही. तशा गाड्या थोड्या उरल्या आहेत आणि त्यांच्या चौकटीत एका काळाची हकिगत आहे. पण डी-७ ची धडे ढिगांनी पडलेली असतात. मोडक्या चौकटी, गंजलेले ड्रम, मालक हरवलेली कागदपत्रे. त्यांतून एक धावती गाडी उभी करणारा मनुष्य काही नष्ट करीत नाही, असे मला वाटते. मूळ भाग काढले ते मात्र पेटीत, चिठ्ठी बांधून ठेवावेत. माझ्याकडे अशा सात पेट्या आहेत आणि त्यांच्याविषयी आमच्या घरातले मत मी इथे सांगत नाही.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे, तेव्हा थांबतो. तो चिकटलेला पिस्टन मी बरोबर आणला आहे. धुराच्या खिडकीच्या बाजूला त्याचे ॲल्युमिनियम मेणासारखे ओघळलेले दिसेल. इथे टेबलावर ठेवतो. जाताना ज्यांना पाहायचा असेल त्यांनी हातात घेऊन पाहावा. हात काळे होतील, शेजारी फडके आहे.